चकवावे, पण खोटे बोलू नये : गूढ शब्दकोड्याची रीत

दैनिकातील शब्दकोडे म्हणजे उपसंपादकाच्या टेबलावरचे सर्वांत दुर्लक्षित काम. अग्रलेखातील चूक वाचकांच्या लक्षात येईलच असे नाही. शब्दकोड्यातील चूक मात्र सकाळचा चहा संपण्याआधी कळते. काही वर्षांपूर्वी असाच एक दूरध्वनी आला. पलीकडे फोंडा भागातील एक निवृत्त शिक्षक होते. आदल्या दिवशीच्या कोड्यात ‘सूर्य (२)’ असा संकेत होता. त्यांनी दोन घरांत ‘रवी’ लिहिले; आम्ही उत्तर छापले ‘भानू’. त्या कोपऱ्यातील घरांना छेदणारा उभा शब्दच नव्हता, त्यामुळे पडताळून पाहायला जागा नव्हती. “ताई,” ते शांतपणे म्हणाले, “रवी म्हणजे सूर्य नव्हे काय? माझे चुकले कुठे, एवढेच सांगा.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. रवी, भानू, मित्र, अर्क या साऱ्यांना तो संकेत सारखाच लागू पडत होता. आम्ही प्रश्न विचारला नव्हता. आमच्या मनातले ओळखायला सांगितले होते. त्या दिवसापासून मी ज्या शब्दकोड्यांकडे अवघड म्हणून पाहत आले होते, त्या इंग्रजी ‘क्रिप्टिक’, म्हणजेच गूढ शब्दकोड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. तेव्हा ध्यानात आले की जे कोडे सरळ दिसते ते पुष्कळदा अन्यायी असते, आणि जे वाकडे दिसते ते आपल्या रीतीने अतिशय प्रामाणिक असते. ती रीत काय आहे आणि मराठीत ती कितपत उतरते, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

दोन साक्षी

साध्या शब्दकोड्यात संकेत एकच गोष्ट सांगतो : शब्दाचा अर्थ. गूढ कोड्यात तो दोन गोष्टी सांगतो. वाक्याच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो. उरलेल्या भागात त्याच उत्तराची अक्षरे कशी जुळवायची याची कृती असते. दोन्ही वाटा स्वतंत्र असतात आणि एकाच शब्दापाशी येऊन मिळतात. न्यायालयात एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांनी एकच नाव घ्यावे, तसे हे आहे. म्हणून गूढ कोड्याचे उत्तर सापडले की ते बरोबर आहे की नाही, हे दुसऱ्या दिवशीच्या अंकात पाहावे लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. हा आणि पुढचे सारे मराठी संकेत या लेखापुरते मीच रचलेले आहेत. कंसातील आकडा उत्तरातील अक्षरे सांगतो.

‘गुरुजींची मोटार राज्य चालवते (४)’

वाचताच डोळ्यांसमोर धुरळा उडवीत जाणारी एखादी जुनी गाडी येते. ते चित्र हाच चकवा. चित्र पुसून शब्द सुटे केले, की गुरुजी म्हणजे ‘सर’, मोटार म्हणजे ‘कार’, आणि राज्य चालवते ते ‘सरकार’. मूळ शब्दाशी ना सरांचा संबंध, ना कारचा. परंतु अक्षरे चोख जुळतात आणि अर्थही चोख जुळतो. येथे दुसरे कोणतेही उत्तर बसत नाही. ‘सूर्य (२)’ आणि हा संकेत यांतील फरक तो हाच.

यातली एक बारीक गोष्ट मराठी वाचकाला विशेष आवडावी. मोटार स्त्रीलिंगी, सरकार नपुंसकलिंगी. पण ‘चालवते’ हे रूप दोन्हींना सारखेच लागते. म्हणून वाक्य वरच्या अर्थानेही शुद्ध राहते आणि आतल्या अर्थानेही. उत्तर पुल्लिंगी असते, तर क्रियापदानेच गुपित फोडले असते.

छळ आणि न्याय

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात आर्थर विन यांनी रचलेले पहिले कोडे आले. त्याचा आकार चौकटचिन्हासारखा होता. त्यात केवळ अर्थ विचारले होते. गूढ प्रकार मात्र ब्रिटनमध्ये वाढला. एडवर्ड पॉविस मॅदर्स हे कवी-अनुवादक १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचू लागले आणि त्यांनी टोपणनाव घेतले ‘टॉर्क्वेमाडा’. स्पेनमधील इन्क्विझिशनच्या पहिल्या प्रमुखाचे हे नाव. १५६० ते १८१२ या काळात ज्या भूमीने इन्क्विझिशन प्रत्यक्ष भोगले, त्या गोव्यातील वाचकाला हा विनोद किंचित बोचेल; पण कोडेकाराला त्यातून एवढेच सुचवायचे होते की सोडवणाऱ्याचा छळ करणे हे आपले काम. १ फेब्रुवारी १९३० रोजी लंडनच्या ‘टाइम्स’नेही दैनंदिन कोडे सुरू केले आणि हा नाद इंग्रजी वाचकाच्या सकाळचा भाग झाला.

छळाला नियमांची चौकट घातली ती मॅदर्स यांच्या उत्तराधिकाऱ्याने. डेरिक मॅकनट हे अभिजात भाषांचे शिक्षक १९३९ मध्ये त्याच जागी आले. त्यांनीही इन्क्विझिशनच्या आणखी एका प्रमुखाचे, ‘झिमेनीज’ हे नाव घेतले आणि १९७१ पर्यंत कोडी रचली. १९६६ मध्ये त्यांनी कोडे रचण्याच्या कलेवर पुस्तक लिहिले. त्यांच्या परंपरेचे सार असे सांगता येईल : संकेतात उत्तराचा नेमका अर्थ असावा, अक्षरे जुळवण्याची न्याय्य सूचना असावी आणि याखेरीज एकही फालतू शब्द नसावा. कोडेकाराने वाचकाला भलतीकडे पाहायला लावावे. मात्र त्याने लिहिलेल्या शब्दांतून, नीट वाचल्यास, योग्य तेच निघाले पाहिजे. १९७२ पासून या जागी आलेल्या ‘ॲझेड’ यांचे नावही असेच : स्पेनचाच इन्क्विझिशन-प्रमुख डेझा याचे नाव उलटे लिहून केलेले.

भारतातही हा छंद इंग्रजी वृत्तपत्रांतून रुजला. आपल्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख ॲडमिरल रामदास कटारी हे निवृत्तीनंतर ‘द हिंदू’साठी कोडी रचत असत. मराठी दैनिकांत मात्र शब्दकोडे बहुतेक अर्थापुरतेच राहिले. याचे कारण आपल्या भाषेत शब्दखेळ नाही, हे खचितच नव्हे. वाल्या कोळ्याच्या तोंडून ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम राम’ उमटले, ही कथा आपण लहानपणीच ऐकतो. मोरोपंतांनी रचलेल्या अनेक रामायणांपैकी एक ‘निरोष्ठ’ आहे. त्यात ओठ मिटून उच्चारावे लागणारे वर्ण वर्ज्य, म्हणजे ‘म’ही वर्ज्य आणि पर्यायाने ‘राम’ हा शब्दही वर्ज्य! श्लेष तर शाळेच्या व्याकरणातच शिकवला जातो. साहित्य सारे घरात आहे. चूल पेटवायची राहिली आहे.

आठ युक्त्या

गूढ संकेतांचे मोजके प्रकार ओळखता आले, की अर्धी वाट सरते. कोडेकार कोणता प्रकार वापरतो आहे हे एखादा सूचक शब्द सांगत असतो. तो शब्द हेरणे हेच खरे कौशल्य.

पहिली युक्ती दुहेरी अर्थाची. ‘आजीची आई, राज्याची राजधानी (३)’ : उत्तर ‘पणजी’. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवले, बाकी काही नाही. इंग्रजीतही ही युक्ती जुनी आहे. तिथे ‘फ्लॉवर’ हा शब्द दिसला की सोडवणारा सावध होतो. कारण त्याचा अर्थ फूल असेल, किंवा ‘फ्लो’ करणारी, म्हणजे वाहणारी नदीही असेल!

दुसरी जोडणीची, ‘सरकार’ आपण पाहिले. आणखी एक : ‘हल्ल्यानंतर हत्ती झाला पंढरीचा वाटसरू (४)’. हल्ला म्हणजे ‘वार’. संस्कृतात सोंडेला ‘कर’ म्हणतात, म्हणून हत्ती ‘करी’. ‘वार’च्या नंतर ‘करी’ आला, की ‘वारकरी’. ‘नंतर’ हा साधा शब्द येथे क्रम सांगतो.

तिसरी लपवण्याची. उत्तर संकेतातच सलग लिहिलेले असते, पण दोन शब्दांच्या सीमेवर. ‘सेवक मळणीत दडवतो फूल (३)’. ‘सेवक मळणी’ ही अक्षरे जोडून वाचा : से-व-क-म-ळ-णी. मध्ये ‘कमळ’ आहे. डोळा शब्दाशब्दांतील मोकळ्या जागेवर थांबतो, तेवढ्यात फूल हातचे निसटते.

चौथी उलट वाचण्याची. ‘नदी उलटली, झालो गरीब (२)’ : न-दी उलटून ‘दीन’. आडव्या शब्दासाठी ‘मागे वळली’, ‘परतला’, ‘माघारी’ असे सूचक शब्द येतात. उभ्या शब्दासाठी ‘वर चढला’ही चालते.

पाचवी उलथापालथीची. ‘वळवळती मगर तापलेली (३)’ : म-ग-र यांची जागा बदलून ‘गरम’. गोंधळलेला, बिघडलेले, विस्कटलेली, झिंगलेला, मोडका असा अव्यवस्था सुचवणारा कोणताही शब्द दिसला, की शेजारच्या शब्दाची अक्षरे हलवून पाहावीत. येथे न्यायाचा एक कडक दंडक आहे. हलवायची अक्षरे संकेतात प्रत्यक्ष लिहिलेली असली पाहिजेत. ‘वळवळती सुसर’ लिहून ‘सुसर म्हणजे मगर, मगर हलवून गरम’ अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे. कारण वाचकाने आधी शब्द ओळखायचा आणि मग तो ढवळायचा, असे दोन अंधार एकावर एक येतात.

सहावी कापाकापीची. ‘मुंडके उडालेली सकाळ म्हणजे यम (२)’ : ‘सकाळ’चे पहिले अक्षर गेले, की ‘काळ’ उरतो. मुंडक्याऐवजी शेपूट कापले, तर शेवटचे अक्षर जाते.

सातवी कानाची. ‘ऐकायला गरीब, पण दिवस (२)’ : ‘दीन’सारखा ऐकू येणारा ‘दिन’. ‘म्हणे’, ‘कानावर आले’, ‘ऐकले’ हे तिचे सूचक शब्द.

आठवी पोटात घालण्याची : एका शब्दाच्या आत दुसरा. तिचे उदाहरण मुद्दाम मागे ठेवते, कारण त्याला एक खास जागा द्यायची आहे.

अक्षर, विभक्ती आणि नवऱ्याची सुटका

इंग्रजी कोड्याचे नियम मराठीत जसेच्या तसे आणता येत नाहीत. तिथे घरात एक सुटे वर्णचिन्ह असते. आपल्याकडे घरात पूर्ण अक्षर असते, काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘त्त’ किंवा ‘ष्ट्री’ हे एकच घर. याचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम चौकटीवर. सव्वीस चिन्हांत उभे-आडवे शब्द छेदणे सोपे. म्हणून ब्रिटिश दैनिकाची चौकट पंधरा बाय पंधरा घरांची असते. मराठीत अक्षरांची संख्या स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे यांमुळे कितीतरी मोठी होते. ‘राष्ट्र’ला छेदायचे, तर ‘ष्ट्र’ असलेला दुसरा शब्द शोधावा लागतो. साहजिकच आपली चौकट लहान राहते आणि शब्दही आखूड असतात.

दुसरा परिणाम उलथापालथीवर. हा संकेत पाहा : ‘बिघडलेला नवरा म्हणजे माकड (३)’. न, व, र आणि एक काना. काना ‘र’वरून काढून ‘व’ला दिला की ‘वानर’! अर्ध्याअधिक घरांत हा संकेत आवडीने फळ्यावर लिहिला जाईल. परंतु तो न्याय्य आहे काय? माझ्या मते नाही. घरात जे लिहितो ते एकक मानायचे ठरले, तर ‘रा’ हा ‘रा’च राहिला पाहिजे, काना सुटा करून हिंडवता येणार नाही. त्या हिशेबाने ‘सरदार’चा ‘रसदार’ होऊ शकतो, ‘नवरा’चा ‘वानर’ नाही. नवरेमंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकावा.

कानाच्या युक्तीतही आपण कमनशिबी. इंग्रजीत लिहिण्याचा आणि उच्चाराचा मेळ नसल्याने एकसारखे ऐकू येणारे शब्द पोत्याने मिळतात. आपण बहुतांशी बोलतो तसे लिहितो. म्हणून ‘दिन-दीन’, ‘सुत-सूत’, ‘पाणि-पाणी’ अशा ऱ्हस्वदीर्घाच्या जोड्यांवरच भागवावे लागते. मुद्रितशोधकाला रोज छळणारी ही जोडपी येथे प्रथमच उपयोगी पडतात!

खरी अडचण, आणि माझ्या मते खरे धन, विभक्तीत आहे. इंग्रजी शब्द वाक्यात बहुधा उघडाच उभा असतो, म्हणून एकच शब्द नाम की क्रियापद याचा पत्ता लागत नाही. मराठीत नामाला प्रत्यय चिकटतो आणि रूप बदलते. ‘आजीच्या आईची राजधानी’ असे लिहिले, तर वाक्य गोड होते. पण ‘आजीच्या आईची’ म्हणजे ‘पणजीची’, ‘पणजी’ नव्हे. काटेकोर कोडेकार तेथे अडेल. अर्थ सांगणारा भाग शक्यतो प्रत्ययाविना ठेवावा, असा नियम मराठीत करावा लागेल.

पण हाच प्रत्यय कामाला लावता येतो. ‘सेवक मळणीत दडवतो फूल’ हा संकेत पुन्हा वाचा. ‘मळणीत’मधला ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय. वरच्या वाक्यात तो स्थळ दाखवतो आणि आतल्या वाक्यात ‘या अक्षरांच्या आत पाहा’ असे सांगतो. इंग्रजीला त्यासाठी स्वतंत्र शब्द लागतो. आपल्याकडे शब्दाच्या शेपटीला चिकटलेले एक अक्षर ते काम करते, आणि ते इतके ओळखीचे असते की त्याच्याकडे लक्षच जात नाही. यापेक्षा चांगली लपण्याची जागा कोणती?

आता राखून ठेवलेली आठवी युक्ती. संकेत एवढाच :

‘गावातला ढ (३)’

‘गाव’ या शब्दाच्या आत ‘ढ’ घाला. गा-ढ-व : ‘गाढव’. मग अर्थ सांगणारा भाग कुठे गेला? तो वेगळा नाहीच. गावातला ढ कोण, तर गाढव! संपूर्ण वाक्य कृतीही आहे आणि अर्थही आहे. दोन्ही साक्षीदार एकाच अंगरख्यात उभे आहेत. गूढ कोड्यांच्या जगात हा प्रकार सर्वांत दुर्मिळ मानतात आणि कोडेकार त्याच्यासाठी झुरतात. मराठीत तो दोन शब्दांत साधतो, आणि तोही ‘आत’ व ‘ला’ या चिकट प्रत्ययांच्या बळावर.

सोडवायचे कसे

प्रथम वाक्याचे चित्र विसरावे. कोडेकाराने मांडलेला देखावा कितीही मोहक असला, तरी तो पडदा आहे. दुसरे, अर्थ सांगणारा भाग पहिल्या किंवा शेवटच्या शब्दांत असतो. मध्ये कधीच नसतो. म्हणून दोन्ही टोके तपासावीत आणि अक्षरसंख्येशी ताडून पाहावीत. तिसरे, वाक्यात उगाच आलेला, किंचित खटकणारा शब्द हा बहुधा सूचक शब्द असतो. मगर वळवळतेच का? सेवक मळणीत फूल कशाला दडवील? चौथे, विरामचिन्हांवर विश्वास ठेवू नये. ती पडद्याच्या बाजूची असतात. पाचवे, अर्थावरून उत्तर सुचले तरी अक्षरांची कृती जुळेपर्यंत ते शाईने लिहू नये. एकच साक्ष म्हणजे केवळ तर्क.

अतिशय अवघड कोड्यांत, उदाहरणार्थ ‘लिसनर’ या साप्ताहिकात १९३० मध्ये सुरू झालेल्या आणि ते बंद पडल्यावर १९९१ पासून ‘टाइम्स’मध्ये येणाऱ्या कोड्यात, संकेतांवर आणखी एक थर चढवलेला असतो : संकेतांतून एखादे जादा अक्षर निघते, ती अक्षरे जुळून एक सूचना तयार होते आणि त्या सूचनेनुसार भरलेली चौकटच बदलावी लागते. शब्दही दुर्मिळ असतात; म्हणून कोणता कोश प्रमाण मानायचा हे आधीच सांगितलेले असते. आपल्याकडे असे कोडे कुणी रचलेच, तर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पुन्हा घरोघरी उघडले जातील. परंतु आरंभ तेथून करू नये. अवघडपणा शब्दाच्या दुर्मिळतेत नसावा. ओळखीच्या शब्दाकडे अनोळखी नजरेने पाहण्यात असावा.

नियम आणि माणूस

काटेकोर नियमांच्या या परंपरेसमोर ब्रिटनमध्ये एक मोकळी परंपराही वाढली. तिचे लाडके नाव ‘अरॉकारिया’, म्हणजे ‘गार्डियन’चे कोडेकार जॉन ग्रॅहम. ते धर्मोपदेशक होते. अरॉकारिया हे एका झाडाचे शास्त्रीय नाव. त्याच्या एका जातीला इंग्रजीत माकडाला कोड्यात टाकणारे झाड म्हणतात. गोव्यातील अनेक अंगणांत नाताळचे झाड म्हणून उभा असलेला उंच, थरांचा वृक्ष याच वंशातला. माझ्या ‘गुरुजींची मोटार’ या संकेतात उत्तर नाम आहे आणि अर्थाचा भाग क्रियापदी आहे, म्हणून झिमेनीजपंथीयांनी तो बहुधा परत पाठवला असता. अरॉकारिया बहुधा हसून पुढे गेले असते.

जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांच्या एका कोड्याच्या माथ्यावर छोटी सूचना होती. अरॉकारिया यांना अमुक क्रमांकाच्या उत्तराचा, अमुक क्रमांकाच्या जागी, आजार आहे आणि त्यावर अमुक क्रमांकाचे उपचार सुरू आहेत, एवढाच तिचा आशय. वाचकांनी घरे भरली आणि उत्तरे निघाली : कर्करोग, अन्ननलिका, वेदनाशामक शुश्रूषा. पन्नासहून अधिक वर्षे ज्या माणसाशी त्यांनी केवळ संकेतांतून संभाषण केले, त्याने आपल्या मृत्यूची वार्ताही त्याच भाषेत दिली. आणि ती खोटी असण्याची शक्यताच नव्हती, कारण कोडेकार चकवतो, खोटे बोलत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले.

ही घटना मी वारंवार आठवते. कोडे हा वेळ घालवण्याचा खेळ खराच. पण त्याच्या मुळाशी एक करार असतो. लिहिणारा म्हणतो : मी तुला फसवीन, पण माझा प्रत्येक शब्द खरा असेल. वाचणारा म्हणतो : मी तुझा प्रत्येक शब्द वाचीन. बातमीचे मथळे ओझरते पाहून मत बनवण्याच्या या दिवसांत, एखादे वाक्य शेवटच्या प्रत्ययापर्यंत वाचायला लावणारे काही आपल्या भाषेत असावे, असे मला वाटते. राज्याबाहेर, सीमेवर किंवा दूरच्या शहरांत जिथे मराठी घरापुरती उरते, तिथे तर ती केवळ जपण्याची वस्तू होऊन बसते. जी भाषा आपण खेळवतो, ती आपोआप जपली जाते.

हात साफ करायला तीन संकेत देते. ‘एका जूनमध्ये दडले फेणीचे मूळ (२)’. ‘डझनभर बुद्धीचे गाव (४)’. ‘आजोबांचे वय, वाळपईचा तालुका (३)’. क्षणभर थांबून मगच पुढे वाचावे. पहिल्यात ‘एका जून’ या अक्षरांच्या मध्ये ‘काजू’ आहे. दुसऱ्यात डझन म्हणजे ‘बारा’ आणि बुद्धी म्हणजे ‘मती’, मिळून ‘बारामती’. तिसऱ्यात दुहेरी अर्थाने ‘सत्तरी’.

फोंड्याच्या त्या शिक्षकांचा पुढेही अधूनमधून दूरध्वनी येत राहिला. एकदा मीच त्यांना विचारले, “गुरुजी, तीन अक्षरे : गावातला ढ.” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ निवाडा : “ताई, यात दुसरे उत्तर बसत नाही.”